न ऐकणारा गुरु

[सोलापूर येथील एका निवृत्त शिक्षकांनीं नभोवाणीवर केलेलें भाषण]

गेल्या पावसाळ्यांतली गोष्ट. माझ्या चौदा वर्षांच्या नातवानें आपली गिटार माजघरांतल्या खुंटीस अडकविली आणि मजकडे न पाहतांच म्हटलें, “आजोबा, हें माझ्याच्यानें व्हायचें नाहीं.” प्राथमिक शाळेंतील छत्तीस वर्षांच्या नोकरींत हें वाक्य मीं किती मुलांच्या तोंडून ऐकलें असेल, याची गणती नाहीं. कधीं तें भागाकाराविषयीं असे, कधीं जोडाक्षरांविषयीं, कधीं घड्याळ वाचण्याविषयीं. त्या अनुभवानें मला एक गोष्ट शिकविली आहे. मूल असें म्हणूं लागलें कीं, आधीं मुलाकडे न पाहतां धड्याकडे पाहावें. बहुधा चूक तेथेंच सांपडते.

म्हणून चार दिवसांनीं मीं ती गिटार खुंटीवरून खालीं काढली. मुलानें ज्या व्हिडिओंवरून शिकण्याचा यत्न केला तेच आपण पाहावे, तोच अभ्यास आपण करून पाहावा आणि धडा कोठें फसला तें शोधावें, असा माझा बेत होता. घरबसल्या व्हिडिओ पाहून वाद्य शिकूं इच्छिणाऱ्या नवशिक्यानें आपला शिक्षक कसा निवडावा, याविषयीं त्यांतून मला जें उमजलें तें आज आपणांपुढें ठेवणार आहें. मी संगीतज्ञ नव्हें. जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन मास्तरकींत शिरलेला आणि शाळेच्या प्रार्थनेपुरती पेटी वाजविणारा माणूस आहें. तेव्हां जाणकारांनीं माझें बोलणें एका शिक्षकानें केलेली पाठ्यपुस्तकाची परीक्षा, एवढ्याच दृष्टीनें ऐकावें.

गिटार हें परकें वाद्य, तें आपल्या मुलांनीं कां शिकावें, असा प्रश्न आमच्या पिढींतले लोक विचारतात. आपल्याच जिल्ह्यांत पंढरपूरच्या बाजूस पिकणारे भोपळे मिरजेस जातात व त्यांच्या सतारी आणि तंबोरे होतात. मिरजेच्या या वाद्यांना २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. तें सोडून गिटार कशाला? पण पेटी तरी आपली कोठें होती? ती पॅरिसच्या देबें नांवाच्या कारागिरानें १८४० च्या सुमारास घडविली. ज्या नभोवाणीवरून मी बोलत आहें तिनेंच १९४० सालीं पेटीस दार बंद केलें, आणि तें १९७१ पर्यंत उघडलें नाहीं. तरी भजनांत, कीर्तनांत आणि नाटकांत पेटी आपली होऊन बसलीच. गिटार आडवी ठेवून तिजवर ब्रिजभूषण काब्रा व विश्वमोहन भट्ट यांनीं राग वाजवून दाखविले, आणि भट्ट यांना १९९४ सालीं ग्रॅमी पारितोषिक मिळालें. मुलाचें मन ज्या वाद्यावर बसलें असेल तें त्यास शिकूं द्यावें, एवढें बोलून हा वाद मी येथेंच सोडतों.

खरा प्रश्न निराळा आहे. गुरु समोर नसतां वाद्य शिकतां येतें काय? हा वाद मोबाईलपेक्षां पुष्कळ जुना आहे. विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें आणि शिष्यांसाठीं स्वरलिपींत पुस्तकें छापलीं. इकडे विष्णु नारायण भातखंडे यांनीं घराण्याघराण्यांतून चिजा मिळवून त्या स्वरलिपीसह सहा भागांच्या क्रमिक पुस्तकमालिकेंत घातल्या. गुरुमुखांतली विद्या कागदावर उतरत नसते, असा आक्षेप तेव्हांहि होता. त्या आक्षेपांत तथ्य होतें. पण ज्यांच्या गांवीं गवई नव्हता त्यांना त्या पुस्तकांचाच आधार झाला, हेंहि तितकेंच खरें.

या बाबतींत मला गोविंदराव टेंबे यांचें उदाहरण फार मोलाचें वाटतें. १८८१ सालीं जन्मलेला हा थोर पेटीवादक बहुतांशीं स्वतःच पेटी शिकला. भास्करबुवा बखले यांचें गाणें ऐकून आणि त्यांच्या सहवासांत राहून त्यांनीं आपला हात घडविला. अल्लादियाखांसाहेबांची प्रत्यक्ष तालीम त्यांना मिळाली नाहीं, तरी ते खांसाहेबांनाच आपले खरे गुरु मानीत. युरोपांतहि असेंच घडलेलें दिसतें. स्पेनचे आंद्रेस सेगोव्हिया, ज्यांनीं गिटारला मोठ्या मैफलींत मान मिळवून दिला, ते आपणच आपले गुरु आणि आपणच आपले शिष्य असें सांगत. १९५७ सालीं इंग्लंडांत बर्ट वीडन नांवाच्या वादकानें एका दिवसांत गिटार वाजवायला शिकविण्याचें आश्वासन देणारें एक पुस्तक काढलें. एका दिवसांत कोणीच शिकलें नाहीं. पण जॉर्ज हॅरिसन व एरिक क्लॅप्टन यांसारख्या पुढें नांवाजलेल्या वादकांनीं मुलपणीं आरंभ त्याच पुस्तकावरून केला. तेव्हां गुरु जवळ नसतां शिकलेले लोक आहेत. मात्र त्या सर्वांत एक गुण समान होता. त्यांचा कान जागा होता.

येथें एकलव्याची आठवण होणें साहजिक आहे. त्याचा गुरु मातीचा होता. तो बोलत नव्हता, दाखवीत नव्हता, ऐकत नव्हता. व्हिडिओंतला गुरु त्याहून पुष्कळ पुढें गेला आहे. तो बोलतो, दाखवितो, हवें तितक्या वेळां तेंच पुन्हां न रागावतां सांगतो, आणि सांगितल्यास अर्ध्या गतीनेंहि वाजवितो. पण ऐकण्याच्या बाबतींत तो अद्याप मातीचाच आहे. तुमच्या बोटाखालीं तार खरखरली तरी तो हंसतमुखानें “शाबास, आतां पुढें जाऊं” असेंच म्हणणार.

ही उणीव लहान नव्हे. माझी शाळा शहराच्या पूर्व भागांत, विणकरांच्या वस्तींत होती. एकदां एका विद्यार्थ्याच्या घरीं गेलों असतां त्याचा म्हातारा आजा ओसरीवर बसून माझ्याशीं बोलत होता आणि आंत मुलगा माग चालवीत होता. बोलतां बोलतां म्हातारा मध्येंच थांबला आणि आंत ओरडला, “धागा तुटला बघ!” त्यानें मागाकडे पाहिलेंहि नव्हतें. आवाज बदलला तो त्याच्या कानानें टिपला. हस्तकौशल्य शिकवितांना गुरूचें निम्में काम हेंच असतें, आणि नेमकें तेंच व्हिडिओला करतां येत नाहीं. म्हणून माझ्या मतें निवडीची मुख्य कसोटी ही कीं, आपलें आपण ऐकावयास जो शिकवितो तो शिक्षक चांगला. बाकीच्या कसोट्या तिच्या पोटांत येतात.

आतां नातवाचा मोबाईल मीं उघडला तेव्हां काय दिसलें तें सांगतों. त्यानें तीन महिन्यांत पाहिलेल्या धड्यांची यादी त्यांत होती. “पांच मिनिटांत पहिलें गाणें”, “फक्त दोन कॉर्डवर दहा गाणीं”, “सात दिवसांत गिटार” अशा मथळ्यांचे चाळीसएक व्हिडिओ त्यानें पाहिले होते. त्यांतला प्रत्येक पहिला धडा होता. दुसरा धडा एकहि नव्हता. प्रत्येक शिक्षकापाशीं तो एक दिवस बसला आणि दुसऱ्या दिवशीं यंत्रानें पुढें केलेल्या नव्या शिक्षकाकडे गेला. एका वर्गांत रोज नवा मास्तर पाठविला आणि प्रत्येकानें पहिलें पान शिकविलें, तर वर्षाअखेर मुलें कितव्या पानावर असतील?

यावरून पहिली कसोटी निघते ती क्रमाची. भातखंड्यांच्या मालिकेच्या नांवांत ‘क्रमिक’ हा शब्द आहे. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याचे धडे एकापुढें एक लावलेले आहेत, दहाव्या धड्यांत नवव्याचा उपयोग होतो, आणि पुढें कधीं जावें व कधीं जाऊं नये हें जो सांगतो, त्याचेच धडे घ्यावे. ऑस्ट्रेलियन शिक्षक जस्टिन सॅंडरको यांनीं २००३ सालापासून असा क्रमवार अभ्यास इंटरनेटवर ठेविला आहे. त्यांचा एक पाठ मला फार आवडला. दोन कॉर्ड घ्यावयाच्या आणि एका मिनिटांत एकीवरून दुसरीवर बोटें किती वेळां जातात तें मोजून वहींत लिहावयाचें. पहिल्या दिवशीं माझी संख्या सात होती. महिन्यानें ती तेवीस झाली. पाढ्यांप्रमाणें आपली प्रगति आंकड्यांत दिसूं लागली म्हणजे मूल हताश होत नाहीं, आणि म्हाताराहि होत नाहीं.

दुसरी कसोटी सूर लावण्याची. पहिल्या एकदोन धड्यांत जो सूर लावावयास शिकवीत नाहीं, त्यास नमस्कार करून पुढें जावें. गिटारला सहा तारा. जाड तारेपासून त्यांचीं पाश्चात्य नांवें ई, ए, डी, जी, बी आणि पुन्हां ई. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर, जाड तार षड्ज धरली असतां दुसरी मध्यम, तिसरी कोमल निषाद, चौथी वरच्या सप्तकांतील कोमल गंधार, पांचवी त्याच सप्तकांतील पंचम आणि अखेरची दोन सप्तकें वरचा षड्ज. दांडीवरील एकेक पडदा म्हणजे अर्धा स्वर. बाराव्या पडद्यावर तारेची लांबी निम्मी होऊन वरचा षड्ज येतो. सूर दाखविणारें यंत्र मोबाईलांतच फुकट मिळतें. तें अवश्य वापरावें. पण सूर जुळल्यावर तार छेडून क्षणभर ऐका, असें जो म्हणतो तो खरा शिक्षक. बेसूर वाद्यावर महिनाभर मेहनत केली तर बोटें कदाचित् सुधारतील, कान मात्र बिघडेल.

तिसरी कसोटी वाद्याच्या परीक्षेची. चांगला शिक्षक तुमच्या बोटांविषयीं बोलण्याआधीं तुमच्या गिटारविषयीं विचारतो. तारा दांडीपासून फार उंच असल्या तर त्या दाबतांना थोरामोठ्यांचीहि बोटें दुखतात आणि नवशिका दोष स्वतःस देतो. हें एका धड्यांत ऐकून मीं आमची गिटार एका वाद्य दुरुस्त करणाऱ्यास दाखविली. त्यानें घोडीवरची पट्टी थोडी घांसून तारा खालीं आणल्या. घरीं आल्यावर जी कॉर्ड धरतांना माझा अंगठा पांढरा पडत असे ती सहज धरतां आली. “माझ्याच्यानें व्हायचें नाहीं” या वाक्यांतला निम्मा भाग त्या घोडीचा होता, असें मला त्या दिवशीं कळलें. मुलानें तो सगळा स्वतःच्या माथीं घेतला होता.

चौथी कसोटी दिसण्याची. शिक्षकाचा चेहरा दिसला नाहीं तरी चालेल. त्याचा डावा हात जवळून दिसला पाहिजे. बोट पडद्याच्या डोक्यावर नव्हे, तर त्याच्या लगत मागें टेकलें आहे, अंगठा दांडीमागें कोठें आहे, मनगट वांकडें झालें आहे कीं सरळ आहे, हें सर्व डोळ्यांना दिसावें. समोर बसलेल्या माणसाची दांडी आपल्या उलट बाजूस दिसते, त्यामुळें नवशिका गोंधळतो. जो शिक्षक वरून, वाजविणाऱ्याच्या नजरेनें, एकदां तरी दाखवितो त्यानें शिष्याचा विचार केला आहे असें समजावें. दुखण्याविषयींहि त्यानें स्पष्ट बोललें पाहिजे. पहिले कांहीं आठवडे बोटांच्या टोकांची आग होते व पुढें तेथें घट्टे पडतात, ती सोसावी. मनगटांत किंवा खांद्यांत कळ आली तर मात्र वाद्य खालीं ठेवावें.

पांचवी कसोटी मीं सर्वांत शेवटीं ठेविली, कारण ती सर्वांत दुर्मिळ. शिक्षक मुद्दाम चुकून दाखवितो काय? बहुतेक व्हिडिओंत सगळेंच सुंदर वाजतें आणि आपलें कां वाजत नाहीं याचा उलगडा होत नाहीं. पण एखादा शिक्षक बोट पडद्यापासून दूर ठेवून तार खरखरवितो, मग दुसरें बोट शेजारच्या तारेस लावून ती मुकी करतो आणि म्हणतो, “तुमचें असें वाजतें काय? मग हें बोट पाहा.” अशा शिक्षकाला तुम्ही दिसत नसलां तरी त्यानें तुमच्यासारखे पुष्कळ जण पाहिले आहेत. वर्गांत फळ्यावर बरोबर उदाहरण सोडवून देणारे मास्तर पुष्कळ असतात. चुकीचें उदाहरण लिहून “यांत काय चुकलें?” असें विचारणाऱ्या मास्तरांचीं मुलें पुढें स्वतःची वही स्वतः तपासूं शकतात.

भाषेविषयीं एवढेंच सांगतों कीं, मराठी, हिंदी, इंग्रजी, जी भाषा अर्थ लावण्यास थांबावें न लागतां कळते ती घ्यावी. आमच्या सोलापुरांत तेलुगु आणि कानडी घरांतूनहि मुलें शिकतात. त्यांना त्या भाषांतले धडे जवळचे वाटले तर त्यांत गैर कांहीं नाहीं. मात्र शिक्षक बोलण्यापेक्षां वाजवीत जास्त असावा.

या कसोट्या लावून चारपांच शिक्षकांचे पहिले तीन तीन धडे पाहावे, त्यांस एक आठवडा द्यावा, आणि एकाची निवड करावी. त्यानंतर निवड करणें थांबवावें. ही गोष्ट ऐकावयास सोपी आणि करावयास कठीण आहे, कारण यंत्राचा स्वभाव नवें पुढें करण्याचा आहे. एक व्हिडिओ संपतांच दुसरा आपोआप सुरू होतो, ती सोय बंद करतां येते व ती पहिल्याच दिवशीं बंद करावी. धडा दहा मिनिटें पाहावा, मोबाईल पालथा ठेवावा आणि वीस मिनिटें वाजवावें. पाहणें म्हणजे अभ्यास नव्हे, हें आपल्या घरांतील मोठ्यांनाहि आज सांगावें लागतें. आणि दर रविवारीं त्याच मोबाईलवर आपलें एक मिनिटाचें वादन ध्वनिमुद्रित करून ऐकावें. पहिल्या वेळीं फार लाज वाटते. पण जें यंत्र धडा देतांना बहिरें असतें, तेंच या रीतीनें आपल्या कानापाशीं आरसा धरतें.

श्रोतेहो, व्हिडिओंतल्या गुरूचा दोष मीं सांगितला. आतां त्याचा एक गुणहि सांगितला पाहिजे, आणि त्यासाठीं मला स्वतःची एक चूक कबूल करावी लागेल. पुष्कळ वर्षांपूर्वीं शाळेच्या प्रार्थनेच्या वेळीं रांगेंतल्या एका मुलास मीं सर्वांदेखत म्हटलें, “तूं नुसते ओठ हालव. तुझा सूर लागत नाहीं.” मुलगा आज्ञाधारक होता. तो शाळा सोडीपर्यंत रोज ओठ हालवीत उभा राहिला. मला तेव्हां त्यांत कांहींच वावगें वाटलें नाहीं. मीं त्याचें ऐकलें होतें, हें खरें. पण ऐकून सूर सुधारावयाचा असतो, तो मीं बंद केला. व्हिडिओंतला गुरु कोणाचें ऐकत नाहीं; पण “तुला येणार नाहीं” असेंहि तो कोणास म्हणत नाहीं. त्या एका बाबतींत तो माझ्याहून बरा.

गणपतीच्या सुमारास माझा तिसरा धडा चालला होता. ई मायनर ही दोन बोटांची सोपी कॉर्ड, आणि तिजवरून सी या तीन बोटांच्या कॉर्डवर जावयाचें. मी आंतल्या खोलींत प्रयत्न करीत होतों आणि नातू बाहेर गणितें सोडवीत होता. सी वाजविली कीं मला सगळें ठीक वाटे. चौथ्या कीं पांचव्या वेळीं बाहेरून आवाज आला, “आजोबा, तिसरी तार बोलत नाहीं.” मीं पाहिलें. माझ्या मधल्या बोटाचें पेर तिसऱ्या तारेस टेकत होतें आणि ती मुकी होत होती. तीन दिवस मीं ती चूक वाजवीत होतों. मला ती ऐकूं आली नव्हती, व्हिडिओला तर येणारच नव्हती. तो उठून आंत आला, गिटार मांडीवर घेतली, बोट जरा उभें केलें आणि सहाच्या ठिकाणीं त्या कॉर्डच्या पांच तारा एकामागून एक स्वच्छ वाजवून दाखविल्या. सहावी त्यांत वाजवावयाची नसते, हेंहि त्यानेंच मला सांगितलें. मग म्हणाला, “तारा इतक्या हलक्या कशा झाल्या?” मीं घोडीची हकीकत सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला. नंतर त्यानें विचारलें, “हा कितवा धडा?” मीं म्हटलें, “तिसरा. उद्यां दोघे मिळून चौथा पाहूं.”

तेव्हांपासून आम्ही आळीपाळीनें वाजवितों. एक वाजवितो, दुसरा ऐकतो. तो आतां माझ्या फार पुढें गेला आहे. एका बोटानें सहाहि तारा दाबावयाची एफ नांवाची जी कॉर्ड आहे, तिच्यापाशीं माझी गाडी अडली आहे आणि बहुधा तेथेंच राहील. त्याचें मला दुःख नाहीं.

आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं एखादी गिटार, पेटी किंवा तबल्याची जोडी धूळ खात पडली असेल, आणि ती कोणाची होती हेंहि घरांत सर्वांस ठाऊक असेल. धडा नीट निवडून ती पुन्हां खालीं काढतां येते. ज्यांना स्वतः वाजवावयाचें नाहीं त्यांनीं शेजारच्या खोलींत बसून ऐकण्याचें काम पत्करावें. त्यास संगीताचें ज्ञान लागत नाहीं. तिसरी तार बोलत नाहीं, एवढें वेळेवर आणि गोड शब्दांत सांगतां आलें म्हणजे पुरे.